जोडावे कधी, तोडावे कधी?
साखर कारखान्याच्या वीजघराची कहाणी

महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. एक रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी. दुसरे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पर्जन्यछायेच्या दुष्काळी पट्ट्यात. पहिल्या कर्जतमध्ये पाऊस मावत नाही, दुसऱ्यात तो पुरत नाही. नावाखेरीज या दोघांत काही साम्य असेल असे वरवर पाहता वाटत नाही. पण या दोन गावांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो विजेचा आहे.

रायगडच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र चालू झाले होते आणि पुढे १९२७ मध्ये भिरा येथील केंद्राची भर पडली. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरवणे हा या केंद्रांचा मूळ उद्देश. भिवपुरीच्या चाकांवर पडणारे पाणी आंध्रा नदीचे. ही नदी स्वभावतः पूर्वेला वाहते. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे सिद्धटेकजवळून, आपल्या दुसऱ्या कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाते. म्हणजे एका कर्जतला वीज करण्यासाठी जे पाणी घाटाखाली सोडले गेले, ते एरवी दुसऱ्या कर्जतच्या शिवेवरून वाहिले असते.

दुसऱ्या कर्जतला उंचावरून कोसळणारे पाणी नाही. पण १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, त्याचा फुगवटा तालुक्याच्या दक्षिण सीमेला येऊन भिडला, कुकडीचे कालवे आले आणि त्याबरोबर ऊस आला. उसामागून कारखाना आला. आज या तालुक्यात आणि आसपासच्या तालुक्यांत साखर कारखान्यांची धुराडी दिसतात, आणि प्रत्येक धुराड्याच्या शेजारी एक वीजघर असते. कारखाना पाहायला गेलेली शाळेची सहल गव्हाण पाहते, चरक पाहते, गरम साखर चाखते आणि परत येते. वीजघरात सहसा कोणी शिरत नाही. या लेखात आपण तिथेच जाणार आहोत. वीज तयार कशी होते हे पाठ्यपुस्तकात असतेच. आपल्याला पाहायचे आहे ते वीजघर चालवणाऱ्यांना पडणारे रोजचे प्रश्न आणि त्यांच्या उत्तरांचा इतिहास.

घरचे इंधन, घरची वाफ

नगर जिल्ह्यात साखर कारखानदारी १९२० च्या दशकात हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून रुजली. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा केला आणि देशभर कारखाने वाढले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्या काळी ग्रामीण भागात विजेच्या तारा पोचलेल्या नव्हत्या. कारखाना काढायचा तर वीजही स्वतःच करायची, हे ओघाने आलेच.

सुदैवाने ऊस आपले इंधन बरोबर घेऊन येतो. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड मिळते. त्यात निम्मे पाणी असते. तरीही एक किलो बगॅस जाळून दोन किलोंहून थोडी अधिक वाफ मिळते. म्हणजे टनामागे सुमारे ६०० किलो वाफ. रस आटवून साखर करायला जुन्या कारखान्यात टनामागे ४०० ते ५०० किलो वाफ लागे. इंधन घरचे आणि पुरून उरणारे.

इथे एक सुंदर युक्ती आहे. रस आटवायला जी वाफ लागते ती फार दाबाची नको असते, वातावरणाच्या दाबाहून थोडी अधिक पुरते. मग बॉयलरमध्ये वाफ जास्त दाबाने तयार करायची, आधी टर्बाइनमधून नेऊन तिच्याकडून जनित्र फिरवून घ्यायचे आणि बाहेर पडणाऱ्या, दाब उतरलेल्या वाफेने रस आटवायचा. एकाच वाफेकडून दोन कामे. यालाच आपण आज सहवीजनिर्मिती म्हणतो. शब्द नवा, पण साखर कारखान्यातली पद्धत जुनी.

बेटावरचे वीजघर

त्या काळचे कारखान्याचे वीजघर हे विजेच्या दृष्टीने एक बेट होते. बाहेरच्या कोणाशी देणे नाही, घेणे नाही. दीड-दीड मेगावॉटची दोन-तीन जनित्रे, आणि त्यांच्यावर कारखान्यातील मोटारी. सुखी संसार वाटतो, पण बेटावर राहण्याचे धोके असतात.

विजेची साठवण करता येत नाही. क्षणाक्षणाला जेवढी मागणी, तेवढेच उत्पादन व्हावे लागते. समजा गव्हाणीत उसाचा मोठा ढीग एकदम पडला आणि ऊस तोडणाऱ्या कोयत्यांच्या मोटारींवर ताण आला. जनित्राकडे अधिक शक्ती मागितली गेली. टर्बाइनमध्ये येणारी वाफ मात्र अजून तेवढीच आहे. मग जादा शक्ती कुठून येते? ती जनित्राच्या फिरत्या वजनदार चाकातल्या गतिज ऊर्जेतून येते. त्यामुळे चाक मंदावते, आणि चाक मंदावले की विजेची वारंवारता ५० हर्ट्झवरून खाली येते.

हे ध्यानात आल्यावर गव्हर्नर नावाचे उपकरण वाफेची झडप अधिक उघडते आणि वेग सावरतो. पण बॉयलरमध्ये पुरेशी वाफच नसेल तर? मग एक दुष्टचक्र सुरू होते. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप विजेवर चालतो. वारंवारता उतरली की त्याची मोटार मंदावते. पंपाने निर्माण केलेला दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समजा बॉयलरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला ४५ किलो आहे आणि पंप ५० हर्ट्झला ५५ किलोचा दाब देतो. वारंवारता ४७ वर आली तर वेग ०.९४ पट होतो, दाब ०.८८ पट, म्हणजे ४८ किलोंच्या थोडा वर राहतो. अजून कसेबसे भागते. वारंवारता ४५ वर आली की दाब ०.८१ पट, म्हणजे ४४.६ किलो. पंप गरगर फिरतो आहे, आवाजही करतो आहे, पण बॉयलरमध्ये थेंबभर पाणी जात नाही! पाणी नाही म्हणून वाफ नाही, वाफ नाही म्हणून वेग नाही, वेग नाही म्हणून पाणी नाही. वारंवारता फक्त १० टक्के उतरली, आणि कारखाना बंद.

म्हणून जाणते चालक अशा वेळी आधी काही मोटारी बंद करतात. वसाहतीचे दिवे, काही पंप, मग गरजेप्रमाणे आणखी काही. बॉयलरचा पाण्याचा पंप आणि धूर ओढणारा पंखा यांना मात्र शेवटपर्यंत हात लावायचा नाही. कोणाला आधी अंधारात ठेवायचे आणि कोणाला शेवटी, याची यादी आधीच ठरलेली असावी लागते. संकटाच्या वेळी विचार करायला सवड नसते.

दोन जनित्रांचे भांडण

एका जनित्राने भागेना की दुसरे त्याच्या जोडीला लावावे लागते. वरवर पाहता यात काय अवघड आहे? दोन बैल एका जुवाला जोडावेत तसे. पण हा प्रश्न विद्युतयुगाच्या अगदी पहाटेच उभा राहिला आणि त्याने मोठमोठ्यांना घाम फोडला.

न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. तिथली वीज एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची होती. चाचणीच्या वेळी दोन जनित्रे एकमेकांना जोडली, आणि विलक्षण प्रकार घडला. एका इंजिनाचा वेग भलताच वाढला, दुसरे मंदावले, मग उलट. एक यंत्र वीज करी आणि दुसरे तीच वीज खाऊन मोटारीसारखे फिरे, आणि थोड्या वेळाने भूमिकांची अदलाबदल होई. इमारत हादरू लागली. दोष विजेत नव्हता, तो इंजिनांच्या गव्हर्नरांत होता. दोघेही एकच वेग राखण्यासाठी झटत होते आणि एकमेकांच्या दुरुस्त्यांना चुका समजून सुधारत होते. एडिसनने आधी सर्व गव्हर्नर एका दांड्याने जोडून पाहिले आणि पुढे इंजिनेच बदलली.

यावरचे कायमचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. गव्हर्नर मुद्दामच थोडा ढिला ठेवायचा! भार वाढेल तसा वेग किंचित उतरू द्यायचा. रिकामे असताना ५२ हर्ट्झ, पूर्ण भाराला ५०, असा सुमारे ४ टक्क्यांचा उतार. आता दोन्ही जनित्रांची वारंवारता एकच असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला किती भार यावा हे त्या उतारावरून आपोआप ठरते. दीड मेगावॉटचे जनित्र एक वाटा उचलते, तीन मेगावॉटचे दोन वाटे. सामंजस्यासाठी थोडी लवचीकता लागते, हे यंत्रांनाही लागू आहे.

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या जनित्रांचा प्रश्न आणखी नाजूक. त्यांचा दाब सेकंदाला ५० वेळा वरखाली होतो. दोन्ही जनित्रांच्या लाटा एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेल्या पाहिजेत. एकाची लाट शिखरावर आणि दुसऱ्याची दरीत असताना जोडणी केली, तर दोन्ही दाब एकमेकांवर चालून जातात, प्रचंड प्रवाह वाहतो आणि यंत्राचा दांडा पिळवटूनही निघू शकतो. अशी जनित्रे एकत्र चालूच शकणार नाहीत, असे पुष्कळांना वाटे. इंग्लंडमधल्या जॉन हॉपकिन्सनने १८८३ मध्ये गणिताने दाखवून दिले की, ती केवळ चालतील असे नाही, तर एकदा पावले जुळली की एकमेकांना धरून राहतील. जे पुढे जाऊ लागेल त्याच्यावर आपोआप जादा भार पडेल आणि जे मागे पडेल त्याला बाकीची ओढून घेतील. १८८४ मध्ये साउथ फोरलँड येथील दीपगृहाच्या जनित्रांवर त्याने याचा प्रत्यक्ष पडताळाही घेतला.

पावले जुळली हे ओळखायचे कसे? जुन्या वीजघरांत यासाठी साधे दिवे असत. चालू जनित्र आणि नवे जनित्र यांच्यामध्ये जो स्विच लावायचा, त्याच्या दोन टोकांना हे दिवे जोडलेले. दोन्हीकडचे दाब अगदी एकसारखे चालत असतील तर दिव्याच्या दोन टोकांत फरकच नाही, म्हणून दिवा विझलेला. दाब परस्परविरुद्ध असतील तर दिवा सर्वांत प्रखर. समजा एक जनित्र ५० हर्ट्झवर आणि दुसरे ५०.२ वर फिरते आहे. फरक ०.२, म्हणून दिवे दर ५ सेकंदांनी एकदा उजळतील आणि एकदा मालवतील. चालक नव्या जनित्राचा वेग किंचित कमीजास्त करतो, दिव्यांची उघडझाप संथ होत जाते, आणि अंधाराच्या नेमक्या मध्यावर तो स्विच लावतो. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीबरोबर धावतो, वेग जुळला की मगच पायरीवर पाय ठेवतो, तसेच हे. आता हे काम काटा फिरणारे यंत्र आणि संगणकीय रिले करतात. तत्त्व तेच आहे.

जाळ्याशी सोयरीक

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत विजेच्या तारा गावोगाव पोचल्या. तरीही साखर कारखाने बराच काळ बेटच राहिले. वीज विकायची सोय नव्हती, मग जास्त वीज करून उपयोग काय? बगॅस उरला तर तो साठवायचा कुठे हीच चिंता. त्यामुळे बॉयलर मुद्दाम फारसे कार्यक्षम ठेवत नसत. दर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाची वाफ पुरेशी मानली जाई.

१९९० च्या दशकात चित्र पालटू लागले. केंद्र सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने बगॅसपासून वीज करण्याला उत्तेजन दिले. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २००२ मध्ये अशा विजेचा दर ठरवला, आणि २००३ च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मिती परवान्याच्या बंधनातून मोकळी केली. आता दाब वाढवणे परवडू लागले. ६७, ८७, अगदी ११० किलो दाबाचे बॉयलर आले. बेटावर असताना एक टन उसामागे कारखान्यापुरती २०-३० युनिट वीज होत असे. आता आपली गरज भागवून टनामागे १०० युनिटांच्या आसपास वीज बाहेर देता येऊ लागली. कर्जत तालुक्यातल्या अंबालिकासारखे नव्या पिढीतले कारखाने साखरेबरोबरच वीजही विकू लागले, ते या बदलानंतर.

मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यात पूल बांधला की दोन्हीकडची माणसे बदलतात. बेटावरचे जनित्र आपली वारंवारता स्वतः ठरवत होते. जाळ्याला जोडल्यावर ते स्वातंत्र्य संपले. हजारो मेगावॉटच्या जाळ्यात २० मेगावॉटचे जनित्र म्हणजे मोठ्या दिंडीतला एक वारकरी. त्याने कितीही जोर लावला तरी दिंडीची चाल बदलत नाही. वाफेची झडप अधिक उघडली तर वेग वाढत नाही, फक्त बाहेर जाणारी वीज वाढते. दिंडी रेंगाळली तर त्यालाही रेंगाळावे लागते. १९९० च्या दशकात देशात विजेचा इतका तुटवडा होता की संध्याकाळी वारंवारता ४९ च्या खाली जाणे नित्याचे होते. टर्बाइनची पाती ठराविक वेगासाठी घडवलेली असतात. त्याहून बराच कमी वेग राहिला तर त्यांच्यात कंपने माजून ती झिजू शकतात, तुटूही शकतात. दुसऱ्याच्या चालीने चालण्याची ही किंमत.

दाबाचेही तसेच. ग्रामीण भागातील वाहिनीवर शेतीपंपांचा भार मोठा. या मोटारींना चुंबकक्षेत्र उभे करण्यासाठी जो प्रवाह लागतो, तो काम करत नाही, नुसता ये-जा करतो आणि तारांतला दाब पाडतो. जनित्राचा दाब-नियामक बेटावर असताना एकच काम जाणतो: दाब कायम राखायचा. जाळ्याला जोडल्यावरही तो हेच करू लागला तर सगळ्या पंचक्रोशीचा उतरलेला दाब एकट्याने सावरायला धावतो आणि त्या ओढाताणीत जनित्राची वेटोळी तापतात. म्हणून जाळ्यात असताना नियामकाला वेगळा धडा द्यावा लागतो: दाबाकडे पाहू नकोस, आपला शक्तिगुणक सांभाळ. आणि बेट झाले की त्या क्षणी जुना धडा पुन्हा आठवायचा. हा बदल वेळेवर झाला नाही, तर कारखान्याचे दिवे एक तर मिणमिणतात, नाही तर उडतात.

नऊशे मिलिसेकंदांचा हिशेब

आम्ही काही वर्षांपूर्वी जानेवारीत दुसऱ्या जिल्ह्यातील एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षात बसलो होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. एकाएकी शेजारच्या टर्बाइनचा आवाज चढला. ज्याने तो एकदा ऐकला आहे तो विसरत नाही. आम्ही माना वर करेपर्यंत एक धक्का बसला, आवाज उतरत गेला आणि सगळीकडे काळोख झाला. बाहेरच्या वाहिनीत बिघाड होऊन दूरच्या उपकेंद्रातला स्विच उघडला होता. कारखाना अलग पडून स्वतःच्या विजेवर चालत राहायला हवा होता. तो बंद पडला.

काय झाले असेल? आकडे गोल करून हिशेब मांडू. विद्यार्थ्यांनाही तो जमेल. जनित्र २० मेगावॉटचे. कारखान्याला लागतात ६, बाहेर जातात १४. जनित्र आणि टर्बाइन यांच्या फिरत्या भागांत ५० हर्ट्झला ६० मेगाज्यूल ऊर्जा साठलेली आहे असे धरू, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या ३ सेकंदांच्या उत्पादनाइतकी. बाहेरची वाहिनी तुटताच १४ मेगावॉटला जायला जागा उरत नाही. वाफ तर येतेच आहे. ही जादा शक्ती चाकाचा वेग वाढवण्यात खर्च होते. वेग १० टक्के वाढला, म्हणजे ५५ हर्ट्झ झाला, की सुरक्षा यंत्रणा वाफ पूर्ण तोडते, कारण त्यापुढे पाती उडण्याचा धोका असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ५५ हर्ट्झला ती ६० गुणिले १.२१, म्हणजे ७२.६ मेगाज्यूल. फरक १२.६ मेगाज्यूल. दर सेकंदाला १४ मेगाज्यूल या दराने तो भरून निघायला किती वेळ लागेल? १२.६ भागिले १४, बरोबर ०.९ सेकंद.

एवढ्या वेळात गव्हर्नरने झडप जवळजवळ मिटवली पाहिजे. त्या रात्री ती मिटायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी झडप उघडली तेव्हा तिच्या दांड्यावर क्षाराचे पांढरट किटण सापडले. रस आटवताना मिळणारे वाफेचे पाणी बॉयलरला परत दिले जाते. त्यात चुकून साखरेचा अंश गेला तर बॉयलरमध्ये तो विघटन पावतो, आम्ल तयार होते, पाणी फेसाळते आणि क्षारांचे तुषार वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत पोचतात. झडप अडखळण्याचे मूळ तिथे होते. विजेचा दोष शोधत निघालेले आम्ही रसायनशास्त्राच्या दारात पोचलो. कारखान्यातील प्रश्न पाठ्यपुस्तकांतील प्रकरणांच्या सीमा पाळत नाहीत.

त्या ०.९ सेकंदाची किंमत कोणी मोजली? चरकात ऊस अडकून बसला होता. तो हाताने काढून पुन्हा वाफ धरेपर्यंत उजाडले. अर्धवट आटलेला रस नासू लागला. बाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग वाढत गेली. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे मानतात, कारण नंतर त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. वजन घटले की शेतकऱ्याचे नुकसान. आणि ऊसतोड कामगार? कर्जत, जामखेड, पाथर्डी, बीड या भागांतली हजारो कुटुंबे हंगामात घर सोडून फडावर जातात. त्यांची मजुरी टनावर असते. गाडी रांगेत उभी राहिली की दुसरी खेप होत नाही. थंडीत शेकोटीभोवती बसलेल्या त्या माणसांना गव्हर्नर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्याच्या आळसाची किंमत मात्र त्यांनीही दिली.

वेळेवर तोडण्याला आणखी एक, याहून गंभीर बाजू आहे. उपकेंद्रातून वाहिनी बंद केली म्हणजे ती मृत झाली असे लाइनमन समजला, आणि कारखान्याचे जनित्र दुसऱ्या टोकाकडून तिला वीज देतच राहिले, तर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परमिट घेणे, तारा मृत असल्याची खात्री करणे आणि त्या जमिनीला जोडणे हे नियम आहेत. म्हणूनच कारखान्याच्या दाराशी असे रिले असतात की जे वारंवारता किती झपाट्याने बदलते आहे यावर नजर ठेवतात. अचानक झेप किंवा घसरण दिसली, की बाहेर काहीतरी तुटले असे ओळखून ते सेकंदाच्या काही भागात पूल तोडतात. ते फार हळवे ठेवले तर क्षुल्लक कारणानेही कारखाना अलग पडतो. फार निबर ठेवले तर धोका. नेमके कुठे ठेवायचे, हे ठरवणे हेच अभियंत्याचे खरे कसब.

पावसाळ्यातील दुखणी

साखर कारखान्याच्या वीजघराचा आणखी एक विशेष असा, की ते वर्षातले पाच-सहा महिनेच चालते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि उन्हाळ्यात हंगाम संपतो. मग सगळा पावसाळा जनित्र गप्प उभे असते. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. बंद यंत्र हवेतला ओलावा शोषून घेते आणि वेटोळ्यांवरच्या रोधकाची रोधकता घटते. अशा ओल्या जनित्राला हंगामाच्या पहिल्याच दिवशी ११,००० व्होल्टचा दाब दिला तर रोधक फुटून वेटोळे जळू शकते. म्हणून आधी मेगरने रोध मोजतात. जुना ठोकताळा असा: जितके किलोव्होल्ट, त्यात एक मिळवा, किमान तितके मेगओहम हवेत. ११ किलोव्होल्टच्या जनित्राला १२ मेगओहम. कमी भरले तर ते गरम हवेने किंवा मंद प्रवाहाने दिवसेंदिवस सुकवतात. पावसाळ्यात जनित्रातले छोटे तापक चालू ठेवण्याची काळजी घेतली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

बगॅसची बारीक धूळ हा दुसरा उपद्रव. ती चिनी मातीच्या रोधकांवर बसते. कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी असते, पण पहाटेच्या दवाने ओली झाली की तिच्यातून प्रवाहाला वाट मिळते आणि ठिणगी पडते. आणि सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतली बॅटरी. सगळे रिले आणि स्विच उघडणारी यंत्रणा ११० व्होल्टच्या या बॅटरीवर चालते, कारण बिघाडाच्या क्षणी बाकीची वीज भरवशाची नसते. टोकांवर हिरवट गंज चढलेली बॅटरी ही कुलूप लागून गेलेल्या अग्निशामक खोलीसारखी असते. नेमकी गरज पडेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

बेट ते देश

आतापर्यंत आपण एका कारखान्याचे प्रश्न पाहिले. हेच प्रश्न मोठ्या आकारात सबंध देशालाही पडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दिवशी उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला आणि सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या भागाला फटका बसला. काही मोजके तुकडे वेळीच अलग होऊन बेटासारखे टिकले. मोठी वीजकेंद्रे पुन्हा सुरू करायलाही आधी पंपांना आणि पंख्यांना वीज लागते. वर पाहिलेले बॉयलरच्या पंपाचे दुष्टचक्र इथे देशाच्या आकाराचे झाले.

त्यानंतर दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले आणि सबंध भारत एका वारंवारतेवर आला. कर्जतहून सोलापूर काही दूर नाही. दोन जनित्रांमधले दिवे विझण्याची वाट पाहणारा जुना चालक आणि दोन महाकाय जाळ्यांचा सांधा जुळवणारे सोलापूरचे अभियंते यांच्यासमोरचा प्रश्न तत्त्वतः एकच होता.

तोडण्याचा प्रश्नही संपलेला नाही. बाहेरच्या जाळ्यात बिघाड झाला तर मुंबईला बेट म्हणून अलग करायचे, अशी योजना १९८० च्या दशकापासून आहे. तिने अनेकदा शहराला वाचवले. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ती अपुरी पडली आणि लोकल गाड्यांसह मुंबई थांबली. भिवपुरी, खोपोली, भिरा ही शंभर वर्षांची जलविद्युत केंद्रे अशा वेळी मोलाची ठरतात, कारण पाण्यावरचे जनित्र काही मिनिटांत सुरू होऊ शकते. पहिले कर्जत आजही कामाचे आहे, आणि दुसरेही.

शाळेच्या सहलीत या वेळी वीजघराचाही समावेश करा, असे आम्ही सुचवू. त्याआधी वर्गात दोन स्वरकाटे घ्या, एकाच्या भुजेला थोडे मेण लावून त्याची वारंवारता किंचित उतरवा आणि दोन्ही एकदम वाजवा. आवाज चढताना आणि उतरताना ऐकू येईल. एका चढापासून दुसऱ्या चढापर्यंतचा वेळ मोजून दोन वारंवारतांमधला फरक काढायला सांगा. हीच ती विझणाऱ्या दिव्यांची उघडझाप. मग कारखान्यात गेल्यावर मुलांना वारंवारतेच्या काट्यासमोर पाच मिनिटे उभे करा. तो काटा कधीच अगदी स्थिर नसतो. त्याच्या प्रत्येक थरथरीत देशात कुठेतरी सुरू झालेला किंवा बंद पडलेला पंप असतो. कारखान्यातल्या माणसाला एवढेच विचारा, की बाहेरची वाहिनी आत्ता तुटली तर इथे काय होईल. उत्तर लगेच आणि तपशीलवार मिळाले, तर त्या रात्री फडावरून निघालेल्या गाड्या रांगेत अडकणार नाहीत असे समजायला हरकत नाही.